आधी मान, मग माशी

नेमबाजी : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात एअर रायफलच्या दस्त्याबद्दलची पत्रं जास्त आहेत. त्यातली बहुतेक स्कोप काढून उघड्या साइटवर (मागे खाच, पुढे माशी) किंवा पीपवर (मागे खाचेऐवजी बारीक भोक) येऊ पाहणाऱ्यांची आहेत. खालचे सगळे आकडे ४.५ मिमीच्या रायफलचे आणि १० मीटर अंतराचे समजावेत. दस्त्याला हात लावण्याआधी रायफल रिकामी आहे आणि स्प्रिंग चढवलेली नाही, याची खात्री करा. नळी मोडून (बिजागरीवर खाली वाकवून) उघडी असताना ट्रिगर ओढून पाहायची हौस तर अजिबात नको. नळी झटक्यात वर येते. बोट सापडलं तर चेंदामेंदा होतो, आणि बोट वाचलं तरी नळी वाकते.

प्रश्न : माझ्याकडे नळी मोडून भरायची स्प्रिंगची रायफल आहे. दुकानदाराने स्कोपसकट दिली होती. आता स्कोप काढून मूळच्या खाच-माशीवर नेम धरतो, तर गाल नीट टेकवला की माशी खाचेच्या बरीच वर दिसते. गाल दाबून दाबून डोळा खाली आणावा लागतो आणि छर्रे वर लागतात. दस्ता घासायचा म्हटलं तर किती घासू? बटप्लेट (दस्त्याच्या टोकाची, खांद्याला टेकणारी पट्टी) खाली सरकवून जमेल असंही एकाने सांगितलं. (एक वाचक, नंदनवन)

तुमचा दस्ता स्कोपसाठीच घडवला आहे. स्कोपचा मध्य उघड्या साइटच्या नेमरेषेपेक्षा साधारण २० ते २५ मिमी वर असतो, म्हणून कारखान्यात गालाखालची कड मुद्दाम उंच ठेवतात. उघड्या साइटसाठी बहुतेक प्रौढांना ही कड नेमरेषेच्या ३५ ते ४५ मिमी खाली लागते. ज्याचं गालाचं हाड उंच, त्याला कमी. ज्याचा चेहरा लांबट, त्याला जास्त.

बटप्लेटचा सल्ला तेवढा सोडून द्या. बटप्लेट वर-खाली केली की रायफल खांद्यावर वर-खाली होते आणि मान सरळ राहते की वाकते, ते ठरतं. गालाची कड आणि नेमरेषा यांच्यातलं अंतर त्याने एक केसभरही बदलत नाही. तुमची अडचण या अंतराचीच आहे.

किती घासायचं ते अंदाजाने ठरवू नका, मोजा. ग्राफ पेपरची बोटभर पट्टी जाड पुठ्ठ्यावर चिकटवा आणि मागच्या खाचेच्या शेजारी उभी लावा, शून्याची रेघ खाचेच्या वरच्या कडेला जुळवून. आता डोळे मिटून रायफल खांद्याला लावा. गाल जिथे आपसूक विसावतो तिथे विसावू द्या, मग डोळे उघडा. माशीचं टोक पट्टीवर कितव्या मिलिमीटरला दिसतं, ते वाचा. असं सात-आठ वेळा करा आणि मधला आकडा धरा. प्रत्येक वेळी आकडा दोन-तीन मिमीने हलत असेल, तर दस्त्याआधी तुमची उभं राहायची पद्धत तपासायला हवी. अशा वेळी कानस हातात घेऊ नका.

आता गंमत पाहा. समजा, पट्टीवर ६ मिमी दिसले. म्हणून ६ मिमी घासून चालणार नाही. पट्टी आहे खाचेपाशी, आणि तुमचा डोळा तिच्याही बराच मागे. खाच ते माशी ४३० मिमी आणि डोळा ते खाच ३८० मिमी असेल, तर डोळ्यापाशी फरक निघतो ६ गुणिले ८१०, भागिले ४३०, म्हणजे ११ मिमीच्या आसपास. बरेच जण इथेच फसतात. ६ मिमी घासतात, फरक अर्धाच पडतो, मग वैतागून पुन्हा घासतात आणि या खेपेला हात जास्त चालतो.

११ मिमी दोन प्रकारे भरून काढता येतात : नेमरेषा वर घ्या किंवा कड खाली घ्या.

नेमरेषा वर घेणं परत फिरवता येतं, म्हणून आम्ही आधी तेच सुचवू. सिलिंडरवर (स्प्रिंग असते त्या नळकांड्यावर) साइट बसवायची ११ मिमी रुंदीची खाचपट्टी असेल, तर तिच्यावर पीप बसवा आणि पुढे उंच माशी लावा. (हिशोब पुढच्या उत्तरात आहे.) एक अडचण मात्र आहे. नळी मोडताना तळहात नेमका पुढच्या माशीवर येतो. उंच, धारदार माशी असेल तर शंभर छर्र्यांनंतर हात सोलवटतो, शिवाय रोजच्या दाबाने माशीही सरकते. गोल नळकांडीची माशी घ्या, तीवर रबरी नळीचा तुकडा चढवून नळी मोडा आणि नेम धरताना तो काढा.

लाकूडच उतरवायचं असेल, तर आधी दस्ता कशाचा आहे ते पाहा. प्लास्टिकचा दस्ता आतून पोकळ असतो, घासला की भोक पडतं. तो घासू नका. लाकडाचा असेल तर यंत्र (नळी आणि सिलिंडरचा धातूचा भाग) दस्त्यातून पूर्ण बाहेर काढा. बहुतेक रायफलींना पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक आणि ट्रिगर गार्डपाशी एक किंवा दोन स्क्रू असतात. कुठला स्क्रू कुठला, ते कागदावर चिकटवून ठेवा, कारण लांबी सारखी नसते. सिलिंडर व्हाइसमध्ये आवळू नका. दस्ता आवळायचा तर दोन्ही जबड्यांना जुन्या गोधडीचा तुकडा लावा.

कडेच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून रेघ मारा. ११ मिमी हवेत, तर रेघ ९ मिमीवर. उरलेलं शेवटच्या घासणीत आणि प्रत्यक्ष गाल लावून ठरतं. आधी छोटा रंधा, लाकडाचे रेषे ज्या दिशेने उतरतात त्याच दिशेने. उलटा मारला की चिलप्या निघतात. मग अर्धगोल कानस, मग ८०, १२०, २२० आणि ३२० नंबरचा पॉलिश पेपर. कागद बोटाने धरू नका, लाकडी ठोकळ्याला गुंडाळा, नाहीतर मधे खळगा पडतो.

कडेचा उतार हा यातला नाजूक भाग. कड नळीला समांतर ठेवा. मागे उतरती ठेवली, तर स्प्रिंग सुटून रायफल मागे सरकते तेव्हा कडेचा पुढचा उंच भाग गालाखाली पाचरीसारखा शिरतो. एअर रायफलचा धक्का तसा किरकोळ, गालाला इजा होत नाही. पण छर्रा नळीतून सुटायच्या आतच ही हालचाल सुरू झालेली असते, आणि गालाचा दाब जरा बदलला की छर्रा वेगळीकडे जातो. पुढे दोन मिमी खाली आणि मागे वर, अशी कड चालते. उलटी नको.

पुन्हा कधी स्कोप लावायचा विचार असेल, तर कड घासण्याऐवजी कापून सुटी करा. १४० मिमी लांबीचा ठोकळा बारीक दातांच्या करवतीने सरळ कापा. त्याच्या खालच्या बाजूने १२ मिमी लाकूड काढा, म्हणजे तो खाली जाऊ शकेल. ८ मिमी जाडीच्या, ६० मिमी लांबीच्या दोन स्टीलच्या सळया ठोकळ्यात एराल्डाइटने पक्क्या करा, दोन्हींत ८५ मिमी अंतर ठेवून. खाली दस्त्यात पितळी बुश (सळई सरकेल अशी नळी) बसवा आणि प्रत्येक सळईला बाजूने एक एम-६ चा (६ मिमीचा) ग्रब स्क्रू, म्हणजे डोकं नसलेला स्क्रू द्या. तो गालाच्या विरुद्ध बाजूला हवा. ही भोकं हातातल्या ड्रिलने मारू नका. दोन सळया अर्धा अंश जरी वाकड्या बसल्या, तरी ठोकळा अडकतो. नागपूरच्या लकडगंजात स्टँडचं ड्रिल असलेला कुठलाही सुतार ती मारून देईल. सळई आणि बुश इतवारीच्या हार्डवेअरवाल्यांकडे मिळतात. बुश नाहीच मिळाला, तर हिंगणा एमआयडीसीतला लेथवाला करून देतो.

प्रश्न : पीप साइट बसवली. मागची साइट पूर्ण खाली नेली तरी छर्रे ४५ मिमी वरच लागतात. पीप खराब आहे का? पीप ते माशी ५२० मिमी. (एक वाचक, वर्धा)

पीप ठीक आहे, माशी बुटकी आहे. मूळची माशी नळीवरच्या बुटक्या खाचेला जुळणारी होती. तुम्ही मागची साइट सिलिंडरवर चढवून उंच केलीत आणि पुढची तशीच ठेवलीत. मागचं वर गेलं की छर्रा वर जातो.

हिशोब सोपा आहे. साइटमधलं अंतर गुणिले चूक, भागिले लक्ष्याचं अंतर, सगळं मिमीमध्ये. ५२० गुणिले ४५, भागिले १०,००० म्हणजे २.३ मिमी. इतकी माशी उंच केली की छर्रे मध्यावर येतील. पण तेव्हा मागची साइट तळाला टेकलेलीच राहील आणि खालच्या बाजूला एकही क्लिक उरणार नाही. म्हणून मागच्या साइटची पूर्ण चाल मोजा. ती ४ मिमी असेल तर तिचा निम्मा भाग, २ मिमी, यात मिळवा. माशी ४.३ मिमी उंच करा आणि मग पीप वर घेऊन मध्यावर आणा.

पीप २ मिमी वर आली म्हणजे डोळाही जवळजवळ तेवढाच वर हवा. गालाच्या कडेवर २ मिमीची ईव्हीए (फोमची) शीट लावा. आधी मास्किंग टेपने लावून चार दिवस वापरा, चिकटवायची घाई नको. हे न करता फक्त साइट उंच केल्या की गाल हवेत लटकतो आणि डोळा दर छर्र्याला वेगळ्या जागी येतो. पीपमुळे ही चूक काही अंशी झाकली जाते, उघड्या खाचेत ती लगेच दिसते. माशी खाचेत ०.१ मिमी जरी वर-खाली राहिली, तरी ४५० मिमीच्या नेमरेषेवर छर्रा २.२ मिमी सरकतो, आणि १० मीटरच्या टार्गेटवर एका रिंगची रुंदी २.५ मिमी असते.

माशी उंच करायला नळीच्या टोकाला खाचपट्टी असेल तर अॅल्युमिनियमचा उठाव ठोकळा मिळतो. नसेल तर लेथवर नळीच्या बाहेरच्या मापाची बाही करून घ्या. बाही नळीवर घट्ट सरकली पाहिजे, पण ठोकून बसवायची नाही. ठोकलेली बाही नळीच्या टोकाला आतून आवळते आणि छर्र्यांचा घेर मोठा होतो. दोन छोटे ग्रब स्क्रू, त्यांच्याखाली पितळेची चकती, पुरेत. स्पर्धेत उतरणार असाल तर लक्षात ठेवा, आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत एअर रायफलच्या माशीचा मध्य नळीच्या मध्यापासून ६० मिमीपेक्षा वर चालत नाही, आणि माशी नळीच्या तोंडापुढे जाता कामा नये.

जाता जाता माशीच्या नळकांडीत बसवायच्या गोल रिंगबद्दल. १० मीटरच्या टार्गेटचा काळा गोल ३०.५ मिमीचा. डोळा ते माशी ८०० मिमी असेल तर तो गोल माशीपाशी साधारण २.४ मिमीचा दिसतो. काही जण २.८ ची रिंग लावतात आणि काळ्या गोलाभोवती पांढरं उरतच नाही. मग रायफल हलल्यासारखी वाटते, ट्रिगर रेंगाळतो. ३.८ ते ४.२ ची रिंग लावून पाहा.

प्रश्न : साइट उंच केल्या की रायफल कलती झाल्यावर चूक वाढते म्हणतात. खरं का? (एक विद्यार्थी, काटोल)

ज्या अंतरावर रायफल शून्य केली आहे (म्हणजे छर्रा नेमाशी जुळवला आहे), त्या अंतरावर खरं नाही. तिथे कलतेपणाची चूक छर्रा किती पडतो यावर ठरते, साइटच्या उंचीवर नाही. १० मीटरला छर्रा साधारण १८ ते २२ मिमी पडतो. रायफल ५ अंश कलली तर छर्रा ज्या बाजूला कलली त्या बाजूला दीड ते दोन मिमी जातो. साइट बुटकी असो की उंच, आकडा तोच. दुसऱ्या अंतरावर मात्र उंच साइट त्रास देते. १० मीटरवाल्याने त्याची काळजी करू नये. दर वेळी सारखीच कलत असेल तर तसंच शून्य करून टाका, बरेच चांगले नेमबाज मुद्दाम थोडी कलती धरतात. कधी कलते, कधी नाही, असं होत असेल तर बटप्लेटचा कोन खांद्याला जुळत नाही, हे समजा.

प्रश्न : मुलगी १२ वर्षांची आहे, क्लबमध्ये सहा महिने झाले. रायफल माझ्या मापाची, लाकडी दस्त्याची. पीपमध्ये बघायला ती मान पुढे ताणते आणि कंबरेतून मागे झुकते. दस्ता कापावा की ती मोठी होईपर्यंत थांबावं? (एक पालक, कामठी)

थांबू नका. ताणलेल्या मानेची सवय दोन वर्षांत हाडात मुरते आणि मग मापाची रायफल मिळाली तरी ती मान पुढेच नेते.

ट्रिगर ते बटप्लेटचा मध्य ही लांबी प्रौढांसाठी ३४० ते ३६० मिमीच्या घरात असते. त्या वयाच्या मुलीला बहुधा २९० ते ३१५ लागते. कोपर काटकोनात वाकवून दस्ता कोपराच्या खळगीत टेकवायचा आणि बोट ट्रिगरला पोचतं का पाहायचं, ही दुकानातली पद्धत नुसती सुरुवातीला ठीक. खरं माप उभ्या स्थितीतच कळतं. दस्ता लांब असेल तर बटप्लेट खांद्याच्या खळगीतून दंडावर सरकते, उजवा खांदा मागे ओढला जातो आणि वजन टाचांवर येतं. तुमच्या मुलीचं हेच होतं आहे. आखूड असेल तर नाक अंगठ्याला टेकतं आणि डोळा पीपला चिकटतो. डोळा पीपपासून ६० ते ८० मिमीवर असावा, दर वेळी तेवढाच. स्प्रिंगच्या रायफलला ६० च्या आत नको, पीप भुवईवर आदळते.

कापण्याआधी रायफलची बटप्लेट काढून पाहा. तिच्यामागे १० मिमीच्या चकत्या असतील, तर त्या काढल्या की काम होतं. नसतील तर करवत घ्या, पण एकदम ५० मिमी कापू नका. आधी बटप्लेट काढून नुसत्या लाकडावर मुलीला उभी करा. बऱ्याच रायफलींमध्ये १५ ते २० मिमी तिथेच कमी होतात. मग किती उरलं ते कापा. जुन्या टोकाचा जो कोन असेल त्याच कोनात कापा, दस्त्याभोवती टेपची रेघ मारून. बारीक दातांची करवत, रेघ चारही बाजूंनी थोडी थोडी कोरत. एका बाजूने सरळ खाली गेलात तर दुसऱ्या बाजूची चिलपी उडते.

कापलेला तुकडा फेकू नका. त्याच्याच १० मिमीच्या चकत्या पाडा, बटप्लेटच्या भोकांना जुळणारी भोकं मारा आणि मुलगी वाढेल तशा परत घाला. लांब स्क्रू आत्ताच घेऊन ठेवा : दोन चकत्यांना ५० मिमी, चारांना ७५ मिमी. स्क्रू फिरवताना टोकाला साबण लावा, सागवानात कोरडा स्क्रू डोकं सोडतो.

यानंतर मान पाहायची. मुलीला डोळे मिटून, रायफलीशिवाय, नुसतं लक्ष्याकडे तोंड करून ताठ उभं करा. मग तशीच मान ठेवून रायफल खांद्याला लावा. रायफल खालीच राहिली आणि ती डोकं खाली नेत असेल, तर बटप्लेट दस्त्यावर खाली सरकवा. त्याने रायफल वर येते. तरी पुरत नसेल तर साइटखाली उठाव ठोकळे, पुढे-मागे सारखेच. डोकं साइटकडे न्यायचं नाही, साइट डोक्याकडे आणायची. क्रमही हाच ठेवा : आधी लांबी, मग बटप्लेटची उंची, मग गाल, शेवटी साइट. गाल आधी ठरवलात तर लांबी बदलल्यावर तो पुन्हा ठरवावा लागतो, कारण डोकं कडेवर पुढे-मागे सरकलेलं असतं.

माप नेमबाजीचं जॅकेट घालूनच घ्या. जॅकेटने १० मिमीच्या आसपास फरक पडतो. एप्रिल-मे महिन्यांत नागपूरच्या उकाड्यात मुलं टी-शर्टवर सराव करतात, तेव्हा एक चकती वाढवायची. हे प्रशिक्षकांच्याही बरेचदा लक्षात राहत नाही.

कापलेल्या दस्त्याची रायफल पुढे जड होते. तोल डाव्या हाताच्या जरा मागे आला तर बरं. बटप्लेटमागे पोकळी असेल तर तिथे शिशाची पट्टी ठेवा, पण एकूण वजन बघून. नियमांची कमाल मर्यादा ५.५ किलो आहे. या वयाला ४ किलोच्या वर मी जाणार नाही.

प्रश्न : वय ४८, प्रोग्रेसिव्ह चष्मा. खाच धूसर, माशी धूसर, टार्गेट तेवढं स्पष्ट. दस्ता बदलून फरक पडेल का? (एक वाचक, धरमपेठ)

थोडा पडेल. डोकं पुढे झुकलेलं असलं की आपण काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून पाहतो. प्रोग्रेसिव्हमध्ये तिथे फक्त लांबचा नंबर असतो, आणि तोही कडेचा. मान सरळ करणारा दस्ता काचेच्या मध्यातून पाहायला लावतो. पण खरा उपाय चष्म्यात आहे.

नेमबाजीसाठी साधा एका नंबरचा वेगळा चष्मा करा. लांबच्या नंबरात +०.५० मिळवा, फार तर +०.७५. म्हणजे लांबचा नंबर −१.५० असेल तर −१.००. सिलिंडरचा (तिरपा) नंबर असेल तो तसाच. माशी डोळ्यापासून ८५० ते ९०० मिमीवर असते, तिच्यावर पूर्ण फोकस करायला साधारण +१.१ लागेल, पण मग टार्गेट विरघळतं. म्हणून मधला आकडा. चष्मेवाल्याकडे जाताना डोळा ते माशी हे अंतर टेपने मोजून न्या. 'जवळचा करून द्या' एवढंच म्हणालात, तर तो वाचायचा चष्मा देईल आणि ४० सेंटीमीटरपलीकडचं काही दिसणार नाही.

मागची खाच मात्र या वयात धूसरच राहणार. ती जितकी पुढे, तितकी बरी. पीप लावू शकत असाल तर लावा, भोक १.१ ते १.३ मिमी. पीप नको असेल तर चष्म्याच्या काचेवर काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा, त्याला १.५ मिमीचं भोक. रायफल लावून, आरशात नव्हे, भोकाची जागा ठरवा. डोकं जागेवरून हललं की समोर अंधार होतो, म्हणजे गाल कुठे टेकायचा ते हा टेपचा तुकडाच सांगत राहतो. डावा डोळा मिटू नका, त्याने उजवाही बारीक होतो. डाव्या काचेवर बटर पेपर चिकटवा.

प्रश्न : दस्ता बदलला तर परवाना लागतो का? (एक वाचक, उमरेड)

शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. दस्ता, साइट, बटप्लेट यांनी ताकद बदलत नाही. स्प्रिंग बदलून ताकद वाढवलीत तर गोष्ट वेगळी. खरेदीची पावती जपा आणि रायफल खोळीतूनच न्या. गच्चीवर सराव करत असाल तर मागे भक्कम भिंत आणि छर्रे अडवणारी पेटी हवीच. चुकलेला छर्रा दोनशे मीटरच्या पुढेही जातो. पक्ष्यांवर नेम धरून पाहायचा मोह असेल, तर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून लागू आहे, एवढंच सांगतो.

प्रश्न : एप्रिलमध्ये शून्य केलेली रायफल जुलैत १० मिमी डावीकडे मारते. साइट हलवलेली नाही. दस्ता गेल्या वर्षी स्थानिक सुताराकडून करवून घेतला आहे. (एक वाचक, प्रतापनगर)

सुताराने लाकूड ओलं वापरलं असेल किंवा आतून पॉलिश केलं नसेल. बहुधा दोन्ही. नागपूरचा मे महिना लाकडाला कडकडीत वाळवतो आणि जुलै त्याला पुन्हा पाणी पाजतो. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, रुंदीत फुगतं. पुढच्या भागाची एक भिंत आत सरकली की ती सिलिंडरला किंवा नळीच्या बुडाला टेकते आणि रायफल धक्क्याला एका बाजूला ढकलली जाते.

आधी स्क्रू पाहा. उन्हाळ्यात लाकूड आक्रसलं की ते ढिले पडतात, आणि निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. ते घट्ट असतील तर वहीच्या कागदाची पट्टी नळीचं बूड आणि दस्ता यांच्यामधून सरकवत न्या. जिथे अडते तिथे खूण करा. नक्की जागा हवी असेल तर सिलिंडरच्या खालच्या भागाला काजळाचं पातळ बोट फिरवा, यंत्र दस्त्यात बसवून स्क्रू आवळा, परत काढा. लाकडावर काळं उठलं तेवढंच १२० च्या कागदाने घासा. दोन-तीन फेऱ्यांत काळा डाग दोन्ही बाजूंना सारखा यायला लागतो.

मग स्क्रूच्या भोकांत नळ्या घाला. बाहेरून १० मिमी, आतून ७ मिमीची पितळी नळी एम-६ च्या स्क्रूला चालते. भोक १०.५ मिमीचं करा, एराल्डाइट लावा, नळी लाकडापेक्षा ०.२ मिमी उंच राहू द्या. स्क्रूचा दाब आता पितळेवर येतो, लाकूड चेंगरत नाही, आणि ऋतू बदलला तरी स्क्रू तिथेच राहतो. गोंद वाळेपर्यंत स्क्रूला मेण लावून आत ठेवा म्हणजे नळी सरळ बसेल. मेण विसरलात तर स्क्रूही कायमचा. शेवटी आट्यांना निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद). लाल घेऊ नका, ते तापवल्याशिवाय सुटत नाही.

आता पाणी अडवायचं. बाहेरून चकाचक पॉलिश असतं आणि बटप्लेटखालचं टोक कोरं, हे आपल्याकडे सर्रास. लाकडाचे रेषे तिथेच उघडे असतात, पाणी तिथूनच शिरतं. त्या टोकाला, आतल्या खाचेला आणि स्क्रूच्या भोकांना पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) दोन हात मारा. लाखेचं पॉलिश गालाच्या जागी घामाने पांढरं पडतं, तिथे तेल बरं. पण घाण्यावरचं खायचं जवसाचं तेल आणू नका. ते वाळायला आठवडे लागतात आणि पावसाळ्यात चिकटच राहतं. रंगाच्या दुकानात उकळलेलं अळशीचं, म्हणजे जवसाचंच तेल मागा, त्यात वाळवणारा घटक असतो. चिंधीने अगदी पातळ हात, पंधरा मिनिटांनी पुसून काढा, एक दिवस सोडा, असे चार-पाच हात. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो, त्यात नागपूरचा उन्हाळा. चिंध्या दोरीवर मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या डब्यात बुडवून मग टाका.